सर, रिफंड इलो काय?

हल्ली आमच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर एकच प्रश्न फिरतो, "सर, तुमचो रिफंड इलो काय?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "अजून नाय इलो."

मी मालवण तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक. गेल्या वर्षी गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला बँकेकडून वेळेत मिळाला नाही. १ लाख २० हजार व्याजाची वजावट धरलीच गेली नाही आणि फेब्रुवारीच्या पगारातून २४,९६० रुपये जादा कापले गेले. म्हटलं ठीक आहे, रिटर्न भरल्यावर परत मिळतील. शेवटची तारीख वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ झाली, तरी मी जुलैतच रिटर्न भरलं आणि त्याच दिवशी ई-व्हेरिफायसुद्धा केलं.

ऑगस्टमध्ये मुलीच्या कोल्हापूरच्या हॉस्टेलची फी भरायची होती. रिफंडच्या भरवशावर बसलो होतो. शेवटी पतपेढीतून २५,००० काढले, ११ टक्क्यांनी. हप्ता पगारातून जातोय. आता जानेवारी संपत आला.

डिसेंबरमध्ये देशभर अनेकांना मेसेज आले की तुमच्या रिफंडच्या दाव्यात विसंगती दिसते, ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न सुधारा. मलाही आला. रात्री सगळे कागद काढून बसलो. दाखला खरा, आकडा खरा. मग सुधारायचं काय? खोट्या देणग्या दाखवून रिफंड लाटणारे आहेत, त्यांना पकडायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या दाव्यात नेमकं काय खटकलं, हे एका ओळीत सांगायला काय हरकत होती? बायको विचारते, "तुम्ही काय चुकीचं भरलं नाय ना?" हे जास्त लागतं. पैसे आपलेच, आणि घरात संशय पण आपल्यावरच.

आता नियम बघा. आपण रिटर्नला एक दिवस उशीर केला आणि उत्पन्न पाच लाखांच्या वर असलं, तर ५,००० रुपये लेट फी. आपल्याकडे कर थकला तर महिन्याला १ टक्का व्याज. सरकारकडे आपले पैसे अडकले तर महिन्याला अर्धा टक्का, तेही रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर नाहीच. मिळालेल्या व्याजावर पुन्हा कर! आणि या वर्षी भरलेल्या रिटर्नवर प्रक्रिया करायला कायद्याने मुदत किती? ३१ डिसेंबर २०२६.

आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. घरात पैसा नसतो, पण होडी कधी लोटायची ती तारीख माहीत असते. त्या हिशेबाने रापणकर जाळी शिवतो, उधारी ठरवतो. आमच्यासारख्या नोकरदाराला ती तारीखच कळत नाही. वाट बघण्यापेक्षा हे न कळणं जास्त त्रासाचं.

ज्यांचा अडकलाय त्यांनी एवढं बघून घ्या. रिटर्न ३० दिवसांत ई-व्हेरिफाय झालंय का? फॉर्म १६ आणि २६एएसमधला कापलेला कर जुळतो का? पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट आहे का? बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर आयएफएससी कोड बदलला असेल, तो तपासा. सगळं बरोबर असेल तर पोर्टलवर ग्रिव्हन्स टाका आणि पावती क्रमांक जपून ठेवा. आणि हो, "रिफंड मंजूर, लिंक दाबा" असा मेसेज आला तर बिलकुल दाबू नका. ओटीपी तर कोणालाच देऊ नका.

माझी मागणी साधी आहे. रिफंड थांबवायचा तर थांबवा, पण कारण सांगा आणि तारीख द्या. आणि व्याज दोन्ही बाजूंना एकाच दराने लावा. पगार हातात यायच्या आधीच आमचा कर कापून जातो. एवढं मागायचा हक्क आम्हाला नाही का?

उद्या चहाला पुन्हा तोच प्रश्न येणार. उत्तर तयार आहे.