अर्धी राहिलेली पद्मिनी

ठाण्याच्या सोसायटीत त्याची १९७८ची प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे. १,०८९ सीसीचं इंजिन बोअर होऊन आलंय, पत्र्याचं काम मात्र अडलंय. दारांचे तळ सडलेत. डेंटरचा खर्च गाडीच्या किमतीच्याही वर जातो. त्यात एक गिऱ्हाईक मागे लागलंय.

विकावी?

कुर्ल्याच्या कारखान्यातलं पद्मिनीचं उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षं झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर मिळणारे सुटे भाग आता शोधावे लागतात.

पण २०२१च्या नियमानं मूळ रूपातली गाडी पन्नाशीनंतर ‘व्हिंटेज’ ठरते. म्हणजे २०२८! मग मात्र ती रोज चालवायची नाही, रॅली-प्रदर्शनालाच काढायची. (बायकोच्या मते, आता तरी कुठे चालते?) गिऱ्हाइकाला त्यानं दिवाळीपर्यंत थांबवलंय.