आधी क्रियापद

आज मी करारांची भाषांतरं करून पोट भरतो, ते नानांच्या जिवावर. नाना सांगलीच्या कोर्टात स्टेनो होते. निवृत्तीनंतर संध्याकाळी वाड्यातल्या पोरांना ओट्यावर बसवून इंग्रजी शिकवायचे, फुकट. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झालेली. वाक्य म्हणजे शब्दांची रांग, आणि दम लागला की कॉमा, एवढीच आमची समज. मराठीत ते बऱ्यापैकी खपूनही जातं. मेजर कँडींनी 19व्या शतकात विरामचिन्हं मराठीत रुळवली खरी, पण आपण ती श्वासाच्या मापानेच वापरत आलो.

नानांना श्वासाशी देणंघेणं नव्हतं. "आधी क्रियापद धर. मग त्यालाच विचार, कोण? मिळाला कर्ता. काय, कुणाला? मिळालं कर्म. कॉमाचं मग बघू."

मराठीत क्रियापद शेवटी निवांत बसलेलं असतं. इंग्रजीत ते मधेच कुठेतरी. 'द मॅन स्टँडिंग नियर द वेल इज माय अंकल' म्हटलं की सगळे 'स्टँडिंग'वर झडप घालायचे. नाना 'इज'भोवती गोल काढत आणि 'वेल'पर्यंत एकच रेघ ओढत: एवढा सगळा कर्ता. त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा कॉमा घालायचा नाही. घातले तर दोन, आणि तेही मधला मजकूर उचलून बाजूला ठेवता येत असेल तरच. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नागपूर, इज अ डॉक्टर' यातले दोन्ही कॉमा काढले, की दुसऱ्या गावी आणखी एखादा भाऊ असल्याचा संशय येतो. वाटणीच्या दाव्यात असा जादा भाऊ काय घोळ घालेल, हे ते अगदी चवीने सांगत.

रेन अँड मार्टिनच्या इंग्रजी व्याकरणात हे सगळं आहे, जास्त शिस्तीत आहे. तिथले नियम मला पाठ झाले. कळले मात्र ओट्यावर.

नाना गेल्यावर, 2017 साली, अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांचा खटला गाजला. ज्या कामांना ओव्हरटाइम नाही त्यांच्या यादीच्या शेवटी कायद्यात होतं 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन', आणि 'शिपमेंट'नंतर कॉमा नव्हता. मग वितरण हे वेगळं काम, की पॅकिंग कशासाठी याचं उत्तर? ड्रायव्हर वितरण करत, पॅकिंग नव्हे. त्यांच्या बाजूने मुद्दा आला की यादीतली बाकी कामं 'इंग'वर संपतात. 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' ही साधी नामं, म्हणून ती एका जोडीतली. हा मुद्दा नानांनी पेन्सिलीने दोन मिनिटांत काढला असता. अपील कोर्टाने संदिग्धतेचा फायदा ड्रायव्हरांना दिला, पुढे 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. विधिमंडळाने मग त्या यादीत अर्धविराम घातले. नानांना अर्धविराम मुळीच आवडत नसे.