बारा-तेरा

बंगळुरूच्या जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत. तिथं पाना मागताना फार बोलावं लागत नाही, आकडा पुरतो. ‘हन्नेरडु-हदिमूरु’ म्हटलं की काउंटरवरचा मुलगा एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला १३ असलेला दुतोंडी पाना पुढे ठेवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे वडील हाच पाना ‘बारा-तेरा’ म्हणून मागायचे. (स्क्रू-ड्रायव्हरला मात्र आमच्याकडे ‘डिसमिस’ म्हणतात. इथं तो शब्द वापरला की मुलगा दचकून मालकाकडे बघतो.)

आण्णांची पेटी आता माझ्याकडे आहे, आणि आण्णाही. नाशिकच्या टपारियाचे पाने, एक वाकडी पक्कड, दोन कानशी, फिलर गेज. त्यातला बारा-तेरा मी पुष्कळदा नुसताच हातात धरून बघते. ८ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं जर्मन पद्धतीत १३ चं असतं, जपानी मोटारीत १२ चं. १० मिमीच्या बोल्टला तिकडे १७, इकडे १४. आण्णांचा जन्म लेथवर गेला. बंगळुरू हे नाव त्यांना पहिल्यांदा भेटलं तेही एचएमटीच्या लेथवरच्या पट्टीवर. त्यामुळे पान्याचं १३ चं तोंड झिजून गुळगुळीत झालंय. माझी गाडी १९९७ ची मारुती ८००, म्हणजे मूळची सुझुकी. तिची निम्मी कामं १०, १२, १४ आणि १७ एवढ्यावर होतात. तेव्हा १२ चं तोंड मी झिजवतेय.

जपानी गाडीचा आणखी एक हट्ट असतो. तिचे फुलीच्या खाचेचे स्क्रू, ज्यांना सगळे ‘स्टार’ म्हणतात, दिसतात साध्या फिलिप्ससारखे, पण खाचेचा आकार किंचित वेगळा. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर सरकतं आणि खाच खाऊन टाकतं. कार्ब्युरेटरच्या झाकणावर असे किती स्क्रू गॅरेजवाल्यांनी भुईसपाट केलेत! डोक्यावर बारीक ठिपका दिसला की जपानी मापाचं टोक लावायचं, आणि गंजून बसलेल्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो स्क्रूवर टेकवून मागून हातोडीचा ठोका दिला की टोक दाबलंही जातं आणि थोडं फिरतंही. माझ्या मते घरी गाडी खोलणाऱ्यानं जॅकनंतर विकत घ्यावं ते हेच.

प्लगचा पाना वेगळाच. सगळी गाडी सरळ मिलिमीटरमध्ये, आणि प्लगला लागतो २०.८ चा, म्हणजे इंचातला १३/१६. आत रबर असलेला घ्यावा, नाहीतर प्लग वर काढताना निसटतो आणि चिनीमाती तडकते.

प्लग आवळणं हे आण्णांचं काम. आमच्या तळघरात ऑइल बदलायला सोसायटीची बंदी आहे, प्लगला नाही. तिथं स्टूल टाकून ते बसतात. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, जास्त आवळलं तर आटे जातात. सैल राहिला तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, तो तापून खराब होतो. नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्यानं अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबायचं. आकड्यात २५ ते ३० न्यूटन-मीटर. आण्णांना आकडा कधी लागला नाही. एस. पी. रोडवरून मी टॉर्क रेंच आणला तेव्हा त्यांनी आवळलेल्या प्लगांवर तो २८ वर लावून बघितला होता. तिन्ही ठिकाणी जागच्या जागी ‘टक्’. ते हसलेही नाहीत. लेथवाल्याला त्यात विशेष काय?

गेल्या दोन वर्षांत त्यांचा उजवा हात कापायला लागला. काम झालं की ते हात धुवायला वर जातात, आणि मी रेंच लावते. आता तो लगेच वाजत नाही. आधी फिरतो, मग वाजतो. मी काही बोलत नाही, बॉनेट लावून टाकते.

गेल्या महिन्यात ते लिफ्टपर्यंत गेले आणि परत आले. स्टुलावर बसले.

“तुझा तो टकटक्या लाव बघू, माझ्यासमोर.”

लावला. पहिला प्लग पाव फेरा गेला आणि वाजला. दुसरा तेवढाच. तिसरा किंचित कमी. प्रत्येक वेळी दांडा कुठून निघाला आणि कुठं थांबला हे ते चष्मा वर करून बघत होते.

“सारखाच येतोय की,” आण्णा म्हणाले. “म्हंजे पुढच्या बारीला पाव फेरा जादा धरायचा.”