वाकळीचा तोरा

वडूजला आमच्या काकूकडं गेलात तर सोप्यात पत्र्याच्या पेटीवर घडी घालून बसलेली एक बाई दिसेल. ती वाकळ. तिच्यावर बसू नका, हात टेकून उठू नका आणि 'किती जुनी झालीय हो!' असं तर चुकूनही म्हणू नका. तिला राग येत नाही, पण दादाला येतो. दोघांचं खातं एकच आहे.

दादा म्हणजे काकूचा थोरला, वय 41. स्वमग्न हा शब्द घरात आला तोवर तो पस्तिशीला टेकला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी झोप कशी लागते असं विचारलं, तर एरवी चार शब्दांत आटपणारा दादा पाच मिनिटं वाकळीवर बोलला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. घरी आल्यापासून तिचा भाव आणखी वधारला.

घराणं मोठं. 1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. तेव्हाची दोन लुगडी हिच्या पोटात आहेत. शिवाय आजोबांचं धोतर, कुणाची तरी शाळेची खाकी चड्डी, आणि वरून इरकली जुनेर. कापूस नाही. कापूस भरला की ती दुलई, आणि दुलयांबद्दल हिचं मत बरं नाही. एकदा वाण्याच्या काट्यावर घातली तर 4 किलो 300 ग्रॅम भरली. वाणी म्हणाला, "पांघरता का गाडता?"

शिस्त कडक. इरकली काठाची बाजू पायाकडं, ठिगळाची डाव्या खांद्यावर. भाच्यानं एकदा गंमत म्हणून तिला उलटी अंथरली. दादानं अंधारात हनुवटीपाशी हात फिरवला, उठून बसला आणि दिवा न लावता ती फिरवून घेतली. टाके काठापासून चौकोन घेत आत आत जातात. झोप येईतो दादाचं बोट त्या वाटेनं चालत असतं. मधल्या चौकोनापर्यंत ते क्वचितच पोचतं.

सवतीमत्सर भारी. लग्नाच्या आहेरात आलेलं मऊमऊ मिंक ब्लँकेट एका थंडीत दादाच्या अंगावर घातलं गेलं. कोरड्या हवेत त्याच्यातून चटचट ठिणग्या उडाल्या, कोपऱ्यातलं लेबल मानेला टोचलं, आणि पहाटे ब्लँकेट अंगणात सापडलं. वाकळीला लेबल नाही. सोलापुरी चादरीशी तिचं जमतं, पण चादर अंगाखाली असली तरच.

घोंगड्याशी मात्र भाऊबंदकी. माण-खटाव मेंढरांचा मुलूख, तेव्हा घोंगडं घरात असणारच. दख्खनी मेंढीची राठ लोकर, सुताला चिंचोक्याची खळ. नवं कोरं घोंगडं भिंतीला टेकवलं तर उभं राहील. दादाच्या कातडीला ते क्षणभर सोसत नाही, पण त्याचं वजन त्याला हवं असतं. तेव्हा डिसेंबरात तह होतो: वाकळ अंगाला, घोंगडं तिच्यावर. खालची मऊ बोलते, वरचा दाबून धरतो. उन्हाळ्यात भिंती रात्रीही तापलेल्या असतात, तेव्हा ती चौपदरी होऊन फक्त नडग्यांवर बसते. पण बसते.

जगात हिच्या जातीचं बरंच चाललंय. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन या स्वमग्न बाईंनी मावशीच्या गोठ्यावर जनावरं दाबून धरणारा सापळा पाहिला, त्यात शिरल्यावर आपल्यालाही शांत वाटतं हे ताडलं आणि स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. आता काचेचे मणी भरलेली वजनदार पांघरुणं दुकानात मिळतात. अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं घ्या म्हणतात. धाकट्यानं पुण्याहून एक आणलं. दादानं कूस बदलली की आतले मणी सरसर करायचे. दोन रात्रींनी ते भाच्यांची घसरगुंडी झालं. 2014 साली ब्रिटनमधल्या 67 स्वमग्न मुलांवरची चाचणी छापून आली: वजनदार पांघरुणानं झोपेची मिनिटं काही वाढली नाहीत, पण मुलांना आणि आईबापांना तेच हवं होतं. वाकळीला यातला पहिला भाग अजून कुणी सांगितलेला नाही.

प्रवास करते, पण दादाबरोबरच, गव्हाच्या पोत्यात बसून. सातारच्या एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "आत काय?" दादा म्हणाला, "वाकळ." कंडक्टर म्हणाला, "हाफ तिकीट काढू का हिचं?" दादानं पैसे पुढं केले. कंडक्टरच ओशाळला. खरी पंचाईत पुढं, पाहुण्यांच्या दारात. "आमच्यात काय अंथरुणाला तोटा हाय व्हय?" असं विचारून आत्या दोन वर्षं रुसली होती. आता काकू दारातच सांगते, "तिघं आलोय."

वर्षाकाठी एक दिवस हिचा नक्षा उतरतो. घटस्थापनेआधी घरोघरची पांघरुणं धुवायला निघतात. येरळेला पाणी असलं तर नदीवर, नसलं तर बोअरवर. भिजलेली वाकळ पिळायला दोन बाया लागतात आणि तिसरी हसायला. वासाची पावडर बंद. एका वर्षी कुणी लाडानं टाकली, तर दादा चार रात्री बसून राहिला. आता नुसतं रिठ्याचं पाणी. वाळत घातली की तो तिच्या सावलीला खुर्ची टाकून बसतो. मला हे आधी हट्टाचं वाटायचं. पण दवाखान्याबाहेर आपणही असंच बसतो की.

सध्या तब्येत नाजूक आहे. इरकली पदर विरलाय, आतलं धोतर डोकावतंय. वरून नवा थर द्यायला हवा, पण नवं कापड दादाला चालत नाही. तो गालावर घासून पाहतो आणि मान हलवतो. काकूनं बाजारातून एक निळं सुती पातळ आणलं. दीड वर्ष झालं, दिवसाआड तेच नेसते, धुते, उन्हात टाकते. रविवारी पदर दादापुढं धरते. तो गाल लावतो, म्हणतो, "अजून न्हाई."

परवा लग्नाला निघताना शेजारीण म्हणाली, "काकू, आज तरी दुसरं नेसा की."

"न्हाई गं," काकू म्हणाली, "ह्ये माजं न्हाईच. वाकळीचं हाय. मऊ करून द्यायचंय."