आवक-जावक

चवथीच्या दहा-बारा दिवस आधीची गोष्ट. जेवणाची सुट्टी संपवून टेबलाकडे आलो तर समोर एक तरुण वकील उभा. काळा कोट कोरा करकरीत, कपाळावर घाम. मागच्या बाकावर एक म्हातारी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरून बसलेली. वकिलाने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "सर, अपील दाखल करायचंय."

मी पहिलं पान वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. आजी मुंडकार. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा माणूस. त्याला कुणी हुसकावून लावू नये म्हणून आमच्याकडे १९७५ साली कायदा झाला.) मुंडकार म्हणून आपली नोंद व्हावी असा आजीचा अर्ज होता, तो आमच्या साहेबांनी फेटाळला होता. आणि त्या निकालाविरुद्धचं अपील हा मुलगा आमच्याच साहेबांच्या नावे लिहून, आमच्याच कचेरीत द्यायला आला होता! मुदतीचे चार दिवस उरले होते.

मी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अहो, हे इथे नाही, वरच्या कचेरीत द्यायचं. आजच नवीन मायना टाईप करून घ्या." त्याचा चेहरा पडला. आजीला काय कळलं कोण जाणे, ती उठून आली आणि तिने विचारलं, "पुता, घर उरतलें मूं म्हजें?" विचारलं ते तिच्या वकिलाला नाही, मला. मी साधा यूडीसी, बी.ए. मराठी. मी काय सांगणार?

टाईप होईपर्यंत तो आणि मी समोरच्या हॉटेलात चहाला बसलो. मुलगा वाईट नव्हता. उलट जरा जास्तच प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, तीन वर्षांत एक अर्ज कुणी लिहून घेतला नाही. गाईड वाचलं, पेपर दिले, पास झालो." ॲडमिशन कसं मिळालं विचारलं तर हसला. "मिळालं कसलं! ऑगस्ट संपता संपता कॉलेजातूनच फोन आला. सीट रिकामी आहे, फी घेऊन या म्हणाले."

एरवी हा किस्सा मी दुसऱ्या दिवशी कचेरीत रंगवून सांगितला असता. पण त्याच आठवड्यात तसाच फोन माझ्या घरी आला होता.

माझी लेक यंदा बी.ए. झाली. बावन्न टक्के. तिला वकील व्हायचंय. जवळच्या कॉलेजांच्या यादीत तिचं नाव लागलं नाही, म्हणून घरात जरा सुतकी वातावरण होतं. आणि हद्दीपलीकडच्या एका खाजगी कॉलेजातून फोन आला. फोनवरच्या बाई फार गोड बोलत होत्या. परीक्षेतल्या मार्कांचं टेन्शन नको, पहिला हप्ता भरा, बाकीचं नंतर. आणि शेवटी म्हणाल्या, "रोज यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो." लेक खूश, सौ. खूश. मी मात्र त्या शेवटच्या वाक्यावर अडकलो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लागते. ती हे लोक कशी काय 'बघणार'?

आता तुम्ही म्हणाल, कमी मार्कांच्या पोराला कुणी जागा दिली तर तुझं काय जातं? हा प्रश्न माझ्या लेकीनेही मला विचारला, आणि जरा लागेल असाच विचारला. "बाबा, तुम्हाला बारावीला किती होते?"

त्रेचाळीस! कॉमर्सवाल्यांनी फॉर्मसुद्धा नीट बघितला नव्हता. आर्ट्सच्या वर्गात बाकं रिकामी होती. पोरं मिळाली नाहीत तर तुकडी बंद होणार आणि कुणाची तरी नोकरी जाणार, म्हणून माझ्यासारख्यांना बोलावून घेतलं. म्हणजे मीसुद्धा वर्ग भरायलाच घेतलेला विद्यार्थी. हे मी कधी लपवलेलं नाही. पण आमचे मराठीचे सर होते. त्यांनी पहिल्या महिन्यात आम्हा सगळ्यांना एक एक निबंध लिहायला लावला आणि सगळ्यांचे परत दिले. वर लाल शाईत दोन शब्द, 'पुन्हा लिहा'. माझा निबंध चार वेळा परत आला. चार वाजता कॉलेज सुटलं की सर आम्हाला थांबवून घेत, शेवटची कदंबा चुकेल या भीतीने आम्ही घड्याळ बघत असू. आज कचेरीत कुठलाही मसुदा लिहायचा असला की तो माझ्या टेबलावर येतो, तो त्या लाल शाईमुळे. त्रेचाळीस टक्क्यांमुळे मी बाद झालो नाही, कारण आत घेतल्यावर कुणीतरी माझ्यावर काम केलं.

म्हणून लेकीला उत्तर देण्याआधी मी जरा शोधाशोध केली. आपल्याकडे या गोष्टींचा हिशेब सहज सापडत नाही. अमेरिकेत मात्र हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि तिथे कॉलेजांना आपले प्रवेशाचे नि निकालाचे आकडे जाहीर करावे लागतात, त्यामुळे सगळं उघड्यावर आहे.

तिथे वकिलीचं शिक्षण पदवीनंतर तीन वर्षांचं. खाजगी कॉलेजची फी दहा-बारा वर्षांपूर्वीच वर्षाला सरासरी चाळीस हजार डॉलरच्या घरात होती. २००८ ची मंदी आली, मोठ्या फर्मनी वकील कमी केले, आणि नव्या वकिलांना काम मिळेना. ही बातमी पोरांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. २०१० साली वकिलीसाठी अर्ज करणारे सुमारे ८८ हजार होते, ते २०१५ पर्यंत ५५ हजारांच्या आसपास आले. पण कॉलेजच्या इमारती तेवढ्याच, प्राध्यापकांचे पगार तेवढेच.

अशा वेळी कॉलेजपुढे दोन वाटा असतात. वर्ग लहान करायचा, नाहीतर चाळण मोठी करायची. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज कॉलेजने (२०२३ पासून त्याचं नाव बदललंय) २०१२ साली पहिली वाट धरली आणि जवळजवळ वीस टक्के जागा कमी करायचं जाहीर केलं. त्यात काही कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्याही गेल्या. स्वतः कारकून असल्यामुळे ते वाचून माझ्या पोटात कालवलं. हेही सोपं नव्हतं, एवढंच म्हणतो.

बऱ्याच कॉलेजांनी दुसरी वाट धरली. तिथल्या प्रवेशपरीक्षेला, एलसॅटला, १२० ते १८० असे गुण असतात. मधला विद्यार्थी दीडशेच्या आसपास. आता चाळिशीतले, त्याहूनही खालचे विद्यार्थी घेतले जाऊ लागले. आणि यातली खरी मेख मला फीच्या हिशेबात सापडली. कॉलेजांची क्रमवारी लागते ती प्रवेश घेणाऱ्यांच्या गुणांवर. म्हणून चांगले गुणवाले ओढायला त्यांना फीमाफी. ती भरून कोण काढणार? तर सर्वांत कमी गुणांवर घेतलेली पोरं, पूर्ण फी भरून! ज्यांना नोकरी मिळण्याची शक्यता सगळ्यांत कमी, त्यांच्याच डोक्यावर सगळ्यांत जास्त कर्ज. कर्ज द्यायला सरकार बसलेलं. २००६ पासून तिथे अशी योजना होती की पदवीनंतर शिकणाऱ्याला कॉलेज सांगेल तेवढा सगळा खर्च कर्जाऊ मिळे. पोरगं पुढे वकील होवो न होवो, कॉलेजला पैसे आधीच पोचलेले. (२०२५ च्या कायद्याने ती योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद ठरवली, आणि वकिलीच्या विद्यार्थ्याला वर्षाला पन्नास हजार डॉलरची मर्यादा घातली.)

तीन वर्षांनी बिल आलं. २०१४ च्या जुलैत सनदेच्या परीक्षेतले देशभरचे सरासरी गुण एकदम घसरले. परीक्षा तयार करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख एरिका मोझर यांनी कॉलेजांना कळवलं की यंदाची मुलंच आधीच्या मुलांपेक्षा कमी तयारीची होती. कॉलेजांचे डीन भडकले, पेपरच चुकला असेल म्हणाले. काही कॉलेजांत तर, नापास होईल असं वाटणाऱ्या मुलांना पैसे देऊन परीक्षा पुढे ढकलायला सांगत असल्याचंही बाहेर आलं. निकालाचा टक्का बिघडू नये म्हणून! हे वाचून आपल्याकडच्या दहावीच्या वर्गांची आठवण झाली. शंभर टक्के निकालासाठी कच्च्या पोराला नववीतच थांबवतात, तसंच.

शार्लट या शहरात नफ्यासाठी चालवलेलं एक लॉ कॉलेज होतं, २००६ साली उघडलेलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये वकिलांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनने, प्रवेश आणि शिकवणं या दोन्हींवरून त्याला परिवीक्षेवर टाकलं. डिसेंबरात सरकारने त्याचा कर्जपुरवठा तोडला. ऑगस्ट २०१७ मध्ये कॉलेज बंद. त्याच मालकांची ॲरिझोना आणि फ्लोरिडातली दोन कॉलेजंही पुढे बंद पडली. बरं, ही नवीन दुकानं होती म्हणावं, तर इंडियानातलं वॅल्परायझो कॉलेज १८७९ पासूनचं. प्रवेशांवरूनच त्याच्यावर २०१६ साली ठपका आला, आणि २०२० साली तेही मिटलं. मे २०१९ मध्ये मग संघटनेने नियम कडक केला. कॉलेजमधून बाहेर पडून सनदेची परीक्षा देणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के दोन वर्षांत पास झालेच पाहिजेत.

हा नियम वाचला आणि मला आमच्या कचेरीतली दोन रजिस्टरं आठवली. आवक आणि जावक. आलेला प्रत्येक कागद आवकमध्ये चढतो. पण साहेब तपासणीला येतात तेव्हा आधी जावकचं रजिस्टर मागतात. आलेल्या कागदाचं पुढे काय झालं ते त्यात कळतं. अमेरिकेने उशिरा का होईना, कॉलेजांकडे जावक मागितलं.

आपल्याकडे? वकिलीच्या प्रवेशाला खुल्या वर्गासाठी ४५ टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींना ४०. ही आवकची अट. सनदेसाठीची अखिल भारतीय परीक्षा २०११ पासून घेतात. शंभर प्रश्न, पर्याय दिलेले, चुकलं तर गुण कापत नाहीत, कायद्याची पुस्तकं आत नेता येतात. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही परीक्षा वैध ठरवली. परीक्षा आहे हे चांगलंच आहे. पण माझ्यासमोर उभा राहिलेला तो मुलगा ती पास होऊनच आला होता. अपील कुठल्या दारात द्यायचं हे पर्यायांवर खूण करून कळत नाही, कुणीतरी हाताला धरून एकदा लिहून घ्यावं लागतं. सुमार कॉलेजं वाढली म्हणून बार कौन्सिलने २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या कॉलेजांना तीन तीन वर्षांची बंदी घातली. ठीक आहे. पण जी आहेत त्यांच्या जावकचं काय?

असो. रविवारी आम्ही तिघं ते कॉलेज बघायला गेलो. इमारत छान, रंग ताजा. लायब्ररीला कुलूप होतं, रविवार म्हणून असेल, मी दोष देत नाही. ऑफिस मात्र खास ॲडमिशनसाठी उघडं. मी तीन गोष्टी विचारल्या. पहिल्या वर्षाला किती घेता, त्यातले तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकतात, आणि गेल्या तीन वर्षांतले किती जण सनद घेऊन कोर्टात उभे राहतात. पहिला आकडा त्यांनी न बघता सांगितला. दुसऱ्यासाठी एक फाईल शोधली, सापडली नाही. तिसऱ्याला समोरचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, तुम्हाला ॲडमिशन घ्यायचंय की ऑडिट करायचंय?"

परतीच्या बसमध्ये लेक माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तुमच्या सरांसारखे सर तिथे असतीलही. तुम्हाला काय ठाऊक?" खरं आहे. मला ठाऊक नाही. पण मी पहिला हप्ता भरला नाही. सौ.चं म्हणणं, एक वर्ष फुकट गेलं. कदाचित तिचंच बरोबर ठरेल. लेकीला सध्या ओळखीच्या एका ज्येष्ठ वकीलबाईंच्या ऑफिसात बसवलंय. फायली लावते, तारखा लिहिते, रात्री पुढच्या परीक्षेचा अभ्यास करते. गेल्या आठवड्यात बाईंनी तिने लिहिलेली एक नोटीस परत दिली. लाल शाई नव्हती, पण शेरा तोच. रागावून घरी आली आणि जेवायच्या आधी पुन्हा लिहायला बसली. मी काही बोललो नाही.

चवथ झाल्यावर तो तरुण वकील पुन्हा आला. अपील मुदतीत दाखल झालं होतं. आजीने त्याच्याबरोबर माझ्यासाठी नेवऱ्या पाठवल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला त्या घेताना संकोच वाटला. मी त्या दिवशी रजेवर असतो तर? चहाला गेलो. त्याने खिशातून एक छोटी वही काढली आणि विचारलं, "सर, लेखी म्हणणं मांडायला मुदत मागायची असेल तर अर्ज कसा लिहायचा?"

मी सांगत गेलो, तो लिहून घेत होता. तीन वर्षांची फी घेतलेल्या माणसांनी हे सांगायला हवं होतं. नेवऱ्या मात्र छान झाल्या होत्या.