पेटीतल्या वीस कॅसेटी

वडील गेल्यावर मोहाडी तालुक्यातल्या करडीच्या आमच्या घरी पत्र्याची एक पेटी निघाली. आत वीस कॅसेटी. चौदा भीमगीतांच्या, चार सिनेमाच्या आणि दोन खडी गंमतीच्या, त्या वडिलांनी स्वतः भरलेल्या. आम्ही सहज बोलून गेलो, "वडिलांची आवड तशी एकसुरीच."

कॉलेजात संख्याशास्त्र शिकणारी भाची म्हणाली, "मामा, मोजून पाहू या?"

तिने रीत सांगितली. डोळे मिटून दोन कॅसेटी काढायच्या. त्या वेगळ्या प्रकारच्या निघण्याची शक्यता जितकी जास्त, तितकी आवड बहुरंगी. एडवर्ड सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली विविधता मोजण्याची ही रीत मांडली. जंगलातल्या झाडांच्या जातींसाठीही ती वापरतात. वीस कॅसेटींच्या १९० जोड्या होतात. त्यांतल्या ९२ वेगळ्या प्रकारच्या. म्हणजे शंभरात ४८.

"पाहा, निम्मेही नाही," आम्ही म्हणालो.

माय चुलीपाशी बसून ऐकत होती. "चिठ्ठ्या काय वाचता? वाजवून तं पाहा!"

टेप अजून चालत होता. भीमगीतांच्या चौदा कॅसेटी आम्ही ऐकल्या आणि चालीप्रमाणे वेगळ्या ठेवल्या. पाच कव्वालीच्या ढंगाच्या, तीन सिनेमाच्या चालींवरच्या, दोन गझलेच्या, दोन पोवाड्यांच्या, दोन पाळण्यांच्या. भाचीने पुन्हा हिशेब केला. १९० पैकी १५५ जोड्या वेगळ्या. शंभरात ८२! पेटीत एकही कॅसेट वाढली नव्हती. बदलली होती फक्त चिठ्ठी.

खरे तर हे आम्हाला आधीच कळायला हवे होते. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते गायिली, विठ्ठलाची भक्तिगीते गायिली आणि कव्वालीही गायिली. विठ्ठल उमप यांच्या गळ्यात भीमगीताबरोबर लोकगीत आणि कव्वाली नांदत होती. गझलकार सुरेश भट यांनीही बाबासाहेबांवर गीत लिहिले. भीमगीत हे नाव विषयाचे आहे, चालीचे नव्हे.

मग एकसुरी कोण? नोकरीच्या गावी आमच्या क्वार्टरवर ऑफिसातले पाहुणे आले, की आम्ही भीमगीत बंद करून दुसरी कॅसेट लावत असू. आपण सुधारलो, असे वाटे. अमेरिकेत पीटरसन आणि कर्न या अभ्यासकांनी १९९६ साली लिहिले, की तिथे सर्व तऱ्हेचे संगीत ऐकणे हीच आता वरच्या वर्गाची खूण होऊ लागली आहे. आमच्या वडिलांना अशी खूण मिरवायची नव्हती. दिवसभर राबून आल्यावर जे मनाला भिडे, ते ऐकायचे, एवढेच. आमची मात्र मान खाली गेली.

शेवटी भाचीने विचारले, "आजी, तुझी गाणी कोणत्या खान्यात?"

धानाच्या रोवणीत, गुडघाभर चिखलात मायने आयुष्यभर गाणी म्हटली. पेटीत त्यातले एकही नव्हते. हिशेबात तिचे शून्य!

भाचीने मोबाइल पुढे धरला. माय हसली. "एकटीनं नाही होत ते गाणं. चारजणी बोलवा."

येत्या रोवणीला त्या चारजणी बोलवायचे ठरले आहे. वाचकहो, आपल्या घरची पेटीही एकदा मोजून पाहा. पण चिठ्ठीवर जाऊ नका. आणि पेटीत जे भरलेच गेले नाही, तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.