माळवदाचा रंग

सास्तूरच्या स्टँडवर संध्याकाळी पोरं मोबाइलमध्ये माना घालून बसतात. 'पबजी' 2020 साली बंद झाला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या नावाने परत आला. 'फ्री फायर' 2022 साली बंद झाला, त्याचा 'मॅक्स' उरला. पोरांना फरक विचारला तर सांगतात, पबजी खरा वाटतो, फ्री फायर कार्टूनवाणी आहे. पण ज्याच्या हातात स्वस्तातला मोबाइल आहे, तो फ्री फायरच खेळत आला. त्याचं ते साधं रूप हलक्या फोनवरही चालतं. गेम कसा दिसावा हे चित्रकार ठरवतो असं आपल्याला वाटतं. त्याच्याआधी पुष्कळदा यंत्रानेच अर्धं ठरवलेलं असतं.

ही गोष्ट जुनीच आहे. 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये मारिओ पहिल्यांदा दिसला. त्याला मिशी आली, कारण तेवढ्याशा ठिपक्यांत तोंड काढता येईना. केस हलते दाखवणं अवघड, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून तो खांद्यावर पट्टे असलेला पोशाख. आज जगभर ओळखला जाणारा चेहरा असा अडचणीतून जन्मला. जपानच्याच 'ओकामी'चं (2006) सुरुवातीचं रूप वास्तवासारखं होतं. 'प्लेस्टेशन 2'ला तो भार पेलेना, तेव्हा चित्रकार शाईच्या कुंचल्याकडे वळले. आता लोक तो गेम त्या कुंचल्यासाठीच आठवतात.

दुसरी बाजू काळाची. निन्टेंडोने 2000 साली 'झेल्डा'ची एक वास्तव वाटणारी झलक दाखवली आणि पुढच्या वर्षी दाखवला तो मोठ्या डोळ्यांचा, सपाट रंगांचा कार्टूनी झेल्डा. चाहते चिडले, टिंगल झाली. वीस वर्षं उलटली तरी तो 'विंड वेकर' डोळ्यांना ताजा वाटतो. त्याच काळातले 'अगदी खरे' वाटणारे कितीतरी गेम आज मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसतात.

तिसरी बाजू ओळखीची, आणि इथे मी जरा थांबणार आहे. खेळणाऱ्याला क्षणात कळलं पाहिजे की समोर कोण आहे. 'टीम फोर्ट्रेस 2' (2007) बनवणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन जाहिरातचित्रांचा आधार घेतला आणि प्रत्येक पात्राची आकृती अशी बेतली, की नुसती सावली दिसली तरी माणूस ओळखावा. खेळासाठी हे उत्तमच. पण हाच नियम देशांना आणि जमातींना लावला की काय होतं? पिवळट धूळ, पडक्या भिंती, मागे एक मिनार: झाला मुसलमानांचा मुलूख. 2009 च्या 'मॉडर्न वॉरफेअर 2'मध्ये कराची आहे, आणि दुकानांच्या पाट्या अरबीत. कराचीत उर्दू चालते हे कुणाला तरी विचारता आलं असतं. पण तिथे अक्षरं वाचण्यासाठी नव्हतीच, ओळख पटवण्यापुरती होती.

हे सगळं मी वाचायला लागलो ते भाच्यामुळे. तो पुण्यात गेम डिझाइन शिकतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याने विषय घेतला: जुनं सास्तूर. 29 सप्टेंबर 1993 ची संध्याकाळ, गणपती विसर्जनाचा दिवस. एक पोरगी सुटलेली शेळी शोधत गल्ल्यांतून फिरते, आणि शेळी सापडली की गेम संपतो. पहाटेचा भूकंप त्यात नाही. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी काय झालं ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. भाच्याचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी, नव्या गावठाणातला. त्याने मला फोन करून विचारलं, "मामू, अपना पुराना घर कैसा दिखता था?"

मी सांगत गेलो. पाच खणांचं माळवद. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आत लाकडी खांब, वर तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी वर नवी माती पडायची. उन्हाळ्यात गार वाटणारं ते छत वर्षागणिक जड होत होतं, आणि त्या पहाटे तेच अंगावर आलं. आमची दादी आणि धाकटे चाचा त्याखालीच गेले.

आठवड्याने त्याने पहिलं चित्र पाठवलं. घर चांगलं होतं. पण दारावर हिरवा रंग आणि चौकटीवर चांद-तारा. म्हणाला, शेजारच्या घरांतून हे आपलं घर वेगळं कळायला नको का? मी म्हणालो, नको. बाहेरून ते कधी वेगळं नव्हतंच. तोच दगड, तीच माती, तेच गवंडी. शेजारच्या पाटलांचं माळवद आणि आमचं माळवद यांची भिंत सामाईक होती, आणि दोन्ही एकाच वेळी पडली. खेळणाऱ्याला आमचं घर कळायला आत शिरावं लागलं तर बिघडलं कुठे? कोनाड्यातला बधना दिसेल, खुंटीवरची दादींची तसबीह दिसेल. भाचा पटकन मानला नाही. त्याच्या सरांनीही त्याला 'दिसताक्षणी ओळख' हेच शिकवलं होतं, आणि गुण तेच देणार होते.

मग त्याने पुण्याचंच उदाहरण काढलं. नॉडिंग हेड्स या पुण्यातल्या छोट्या चमूने 2020 साली 'राजी' हा गेम आणला. त्यात राजस्थानी वास्तूंची धाटणी आहे, पहाडी चित्रांचे रंग आहेत, पृष्ठभाग हाताने रंगवल्यासारखे आहेत आणि कथेचे दुवे कळसूत्री सावल्यांसारखे हलतात. थोडक्या माणसांना हजार माणसांच्या कंपनीसारखं वास्तव उभं करता येत नाही, म्हणून त्यांनी आपल्या आवाक्यातलं सौंदर्य निवडलं. मला तो गेम मनापासून आवडला. तरी पाहताना वाटत राहिलं, पुण्यात बसलेल्या माणसांना नळदुर्गही जवळ होता, विजापूरही, आदिलशाहीतल्या चित्रांचे ते जांभळे आणि सोनेरी रंगही. भारत म्हटला की राजस्थानच का डोळ्यांपुढे येतो? तक्रार नाही, पण दख्खन अजून कुणीतरी काढायची बाकी आहे.

आमची खरी अडचण वेगळी निघाली. वास्तव काढायचं तर पुरावा हवा. नवव्या शतकातलं बगदाद 'असॅसिन्स क्रीड मिराज'मध्ये (2023) उभं केलं. 1258 साली मंगोलांनी उद्ध्वस्त केलेलं शहर, पण त्यासाठी ग्रंथ होते, इतिहासकार होते. आमच्या घराचा एकही फोटो नाही. अब्बा-अम्मीच्या लग्नाचा एक आहे, तोही उमरग्याच्या स्टुडिओतला, मागे पडद्यावर रंगवलेलं तळं आणि हंस. हुबेहूब घर काढलं असतं तर प्रत्येक दगड आम्ही मनाने रचलेला असता, आणि दहा वर्षांनी घरातल्या पोरांनी तोच खरा मानला असता.

ढिगाऱ्यातून निघालेली एक वाकळ अम्मीने जपून ठेवलीय. दादींनी शिवलेली. त्यात त्यांची लुगडी, अब्बांच्या लुंग्या, चाचांचा शाळेचा सदरा, आपाचं फ्रॉक. भाचा सुट्टीत आला तेव्हा ती उन्हात टाकलेली होती. तो तासभर तिच्याजवळ बसून फोटो काढत होता. त्या घरातला खरा रंग शिल्लक आहे तो एवढाच, हे मी सांगायच्या आधी त्याच्या लक्षात आलं.

आता गेम त्या वाकळीसारखा दिसतो. भिंती म्हणजे ठिगळं, गल्ल्या म्हणजे धावदोऱ्याचे टाके, पोरगी चालली की मागे टाका उमटत जातो. सपाट रंग असल्यामुळे स्टँडवरच्या पोरांच्या फोनवरही तो अडकत नाही. मी स्वतः तीन जणांना खेळायला देऊन पाहिलं. माणसांना चेहरे नाहीत. अम्मीने एकच अट घातली होती, गेलेल्यांचे चेहरे काढू नकोस. भाच्याला ती अट सोपीच वाटली, वाकळीत तसेही चेहरे येत नाहीत. चाचा त्यांच्या सदऱ्याच्या निळ्या तुकड्यावरून कळतात, पण फक्त आम्हाला.

सर म्हणाले, घर अजूनही ओळखू येत नाही. भाच्याने या वेळी काही बदललं नाही.

दाराचं तेवढं राहिलंय. अम्मी म्हणते निळं होतं, मोठी आपा म्हणते रंग नव्हताच, नुसतं तेल लावायचे. मला दाराची कडी आठवते, रंग नाही. त्या जागी सध्या कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा आहे. ईदला आपा सोलापूरहून येणार आहे, तेव्हा दोघी समोरासमोर बसतील.